पुडी औषधाची आणि पुडी वेफर्सची

वैद्यवर्गात ‘पुडी’ या शब्दाला एक प्रतिष्ठा आहे. मधातून चाटण्याची, कोमट पाण्याबरोबर घेण्याची, पहिल्या घासाला तुपात कालवून घेण्याची पुडी हीच महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वैद्याची ओळख होती. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र या शब्दाचा अर्थ आमच्या डोळ्यांदेखत पालटला. आज नेवाशाच्या बाजारपेठेत एखाद्या बालकाने ‘पुडी पाहिजे’ असा हट्ट धरला, तर ती पुडी आपल्या औषधालयातली नसते. ती मसाला लावलेल्या बटाट्याच्या वेफर्सची असते. सरकारदरबारीही या दोन पुड्या आता शेजारी येऊन बसल्या आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत वेष्टनबंद नमकीन पदार्थ आणि आयुर्वेदिक औषधे हे दोन्ही १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. औषध स्वस्त झाले याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु त्याच दिवशी, त्याच प्रमाणात अपथ्यही स्वस्त झाले, हे विसरून चालणार नाही.

या लेखात आम्हांस बटाट्याची निंदा करावयाची नाही, उत्पादकांवर खापर फोडावयाचे नाही, किंवा ‘जंक फूड’च्या नावाने नित्याचा शंखही करावयाचा नाही. आमचा रोख आपल्याच व्यवसायबंधूंकडे आहे. ही पुडी रुग्णाच्या हिशेबात नाही हे खरे. पण ती आपल्याही हिशेबात नाही, आणि म्हणूनच अनेक वेळा आपली पुडी निष्फळ ठरते, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

‘काही खातच नाही’

प्रथम आमची स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एक माता आपल्या नऊ वर्षांच्या मुलास घेऊन आमच्याकडे आली. तक्रार एकच : ‘हा काही खातच नाही.’ जिभेवर साम, मलावष्टंभ, वारंवार तोंड येणे, अंगाने कृश. आम्ही अरोचक व अग्निमांद्य असे निदान करून हिंग्वाष्टक चूर्ण पहिल्या घासाला तुपासह देण्यास सांगितले. तीन आठवडे झाले तरी गुण नाही. चूर्ण बदलले, मात्रा बदलली, अनुपान बदलले. चौथ्या खेपेस मूल बाकावर बसून पाय हलवीत होते आणि त्याच्या हातात लाल-पिवळी पुडी होती. तेव्हा कोठे आम्ही विचारले. शाळेत जाताना एक, मधल्या सुट्टीत एक, घरी परतल्यावर दूरदर्शनसमोर एक. आईने अत्यंत निरागसपणे सांगितले, ‘तो खाऊ आहे हो, जेवण नाही.’ आम्ही पहिल्या घासाचे औषध देत होतो. पण त्या मुलाचा दिवसाचा पहिला घास जेवणाचा नव्हताच, तो पुडीतला होता.

दुसरा अनुभव याच्या अगदी उलट वयाचा. साठी ओलांडलेले, रक्तदाब वाढलेला असलेले एक वारकरी गृहस्थ. जेवणात वरून मीठ घेत नाहीत, लोणचे-पापड सोडलेले, सांगितलेले पथ्य निष्ठेने पाळणारे. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तपासणीस आले, तेव्हा पायांवर सूज, डोके जड, रक्तदाब नेहमीपेक्षा चढलेला. काल काय खाल्ले, असे विचारले असता उत्तर आले, ‘काल एकादशी. काही खाल्ले नाही.’ खोदून विचारल्यावर सकाळची साबुदाण्याची खिचडी, दुपारी उपवासाचे वेफर्स, संध्याकाळी बटाट्याचा चिवडा आणि रात्री पुन्हा वेफर्स असा पट उलगडला. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडे आजची नाही.

मूल आणि म्हातारा, दोघांचेही उत्तर एकच होते : काही खाल्ले नाही. कोणीही खोटे बोलत नव्हते. समाजाच्या मनात ‘खाणे’ म्हणजे ताटातले. पुडीतले ते खाणेच नव्हे. आणि आपणही रुग्णास ‘जेवणात काय घेता?’ एवढेच विचारतो, ‘पुडीतले काय घेता?’ असे विचारीत नाही.

दोष बटाट्याचा की संस्काराचा?

बटाटा आपल्या संहितांत नाही. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतराजीतले हे कंद पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आले आणि मराठीने त्यांच्याच भाषेतले ‘बटाटा’ हे नावही ठेवून घेतले. संहितांतील ‘आलुक’ हे इतर कंदांचे नाव होय. त्यावरून बटाट्याचे गुण सरसकट सांगणे शास्त्रास धरून नाही. परंतु द्रव्य नवे असले तरी ते पारखण्याची कसोटी आपल्याकडे जुनी आणि भक्कम आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात सांगितलेली अष्ट आहारविधिविशेषायतने, म्हणजे प्रकृति, करण, संयोग, राशि, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता, यांवर वेफर्सची पुडी घासून पाहावी.

प्रकृतीने बटाटा वाईट नाही. त्यात सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश पाणी, मुख्यतः पिष्टमय पदार्थ, थोडे प्रथिन, क जीवनसत्त्व व भरपूर पोटॅशियम असते. स्निग्धांश जवळजवळ नाहीच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत तो १०० ग्रॅमला ०.१ ग्रॅम दिलेला आहे. हाच बटाटा उकडून, जिऱ्या-तुपाच्या फोडणीत परतून पानात आला, तर निरोगी माणसाला त्यात भिण्यासारखे काही नाही.

पुढची पायरी ‘करण’, म्हणजेच संस्कार. संस्कार म्हणजे द्रव्यात नवे गुण आणणे, ही व्याख्या आपण सर्वांनी पाठ केली आहे. पातळ काप करून ते कढत्या तेलात सोडले की आतील पाणी वाफ होऊन निघून जाते आणि त्या पोकळीत तेल शिरते. साधारण साडेतीन ते चार किलो कच्च्या बटाट्यापासून एक किलो वेफर्स मिळतात, आणि त्या एका किलोत सुमारे एक तृतीयांश वजन तेलाचे असते. १०० ग्रॅम वेफर्समध्ये ५३० ते ५५० किलोकॅलरी व ३३ ते ३५ ग्रॅम स्निग्धांश हा सर्वसाधारण आकडा आहे. २५ ग्रॅमची लहान पुडी धरली, तर सुमारे १३५ किलोकॅलरी आणि साडेआठ ग्रॅम तेल, म्हणजे जवळजवळ दोन चमचे. त्या ऊर्जेचा अर्ध्याहून अधिक भाग बटाट्याचा नसून तेलाचा असतो. हाताला हलका आणि पचनास जड असा हा पदार्थ आहे. हाताचा हलकेपणाच फसवतो.

संस्काराने किती फरक पडतो, याला आधुनिक संशोधनातूनही दुजोरा मिळू लागला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अमेरिकेतील दोन लाखांहून अधिक आरोग्यव्यावसायिकांच्या दीर्घकालीन आहारनोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन वेळा तळलेल्या बटाट्याच्या फोडी (फ्रेंच फ्राइज) खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका सुमारे २० टक्क्यांनी अधिक आढळला. उकडलेल्या, भाजलेल्या वा कुस्करलेल्या बटाट्याच्या बाबतीत मात्र असा लक्षणीय संबंध दिसला नाही. हा अभ्यास वेफर्सचा नव्हे, आपल्या देशातलाही नव्हे आणि केवळ निरीक्षणात्मक आहे, ही मर्यादा मान्य करूनही, द्रव्य तेच आणि संस्कार भिन्न तर परिणाम भिन्न, हे चरकोक्त सूत्र त्यात स्पष्ट दिसते.

‘तळलेले नाही, भाजलेले’

येथेच एक पळवाट निघते. अलीकडे ‘बेक्ड’ वेफर्सच्या पुड्या आल्या आहेत आणि शिकलेला रुग्ण मोठ्या अभिमानाने सांगतो, ‘वैद्यराज, आम्ही तळलेले बंद केले.’ अशा पुडीत तेल साधारण निम्म्यावर येते, हे खरे आहे व तो लाभ नाकारू नये. परंतु मीठ व मसाला तसाच राहतो, पिष्टमय भाग वाढतो, आणि ‘हे पथ्याचे आहे’ या समजुतीने एकाच्या जागी दोन पुड्या संपतात. शिवाय रुक्षता वाढते ती वेगळीच. वातप्रधान, मलावष्टंभाच्या रुग्णास हा बदल फारसा मानवत नाही.

आणखी एक गोष्ट. २००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की पिष्टमय पदार्थ सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर तळले वा भाजले असता त्यातील शर्करा आणि अ‍ॅस्परॅजिन यांच्या संयोगातून ‘अ‍ॅक्रिलामाइड’ नावाचे द्रव्य तयार होते. उकडण्याने ते बनत नाही. भाजण्याने मात्र बनते, कधी कधी तळण्याहून अधिक. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे द्रव्य ‘संभवतः कर्करोगकारक’ गटात ठेवले आहे. तो निष्कर्ष प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांवर आधारलेला असून आहारातून होणाऱ्या मानवी कर्करोगाविषयीचा पुरावा अपुरा आहे. म्हणून ‘वेफर्सने कॅन्सर होतो’ असे विधान आपल्यापैकी कोणीही व्यासपीठावरून करू नये. काप जितके गडद तपकिरी, तितके हे द्रव्य अधिक. एवढी गोष्ट गृहिणीस सांगितली तरी पुरे. घरी तळताना काप आधी पाण्यात भिजवून घ्यावेत आणि फिकट सोनेरी रंगावरच काढावेत.

संयोग, राशि आणि उपयोगसंस्था

‘संयोग’ म्हणजे द्रव्ये एकत्र आल्याने उत्पन्न होणारा विशेष. पुडीच्या मागील बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचली तर मीठ, साखर, मिरची, कांदा-लसणाची भुकटी, टोमॅटोची भुकटी, सायट्रिक आम्ल (क्र. ३३०) आणि चव वाढविणारी द्रव्ये (क्र. ६२७, ६३१) अशी यादी दिसते. मधुर, अम्ल, लवण आणि कटु असे चार रस एका कापावर एकवटतात आणि त्यांना तेलाचा स्नेह जोडला जातो. जिभेस ‘पुरे’ म्हणण्याची संधीच राहत नाही.

पूर्वी असे नव्हते. इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकात वेफर्सच्या पाकिटात मिठाची निळ्या कागदाची इवलीशी पुडी वेगळी टाकलेली असे. खाणारा आपल्या हाताने, हवे तेवढे मीठ भुरभुरीत असे. १९५० च्या दशकात डब्लिनमधील एका कारखानदाराने चीज-कांद्याचा मसाला कारखान्यातच वेफर्सला लावला आणि मग ती पद्धत जगभर पसरली. त्या छोट्याशा बदलाने मिठाचे प्रमाण ठरविण्याचा अधिकार खाणाऱ्याच्या हातून निसटला. आयुर्वेदाच्या परिभाषेत सांगायचे, तर ‘उपयोक्ता’ हरपला.

‘राशि’ म्हणजे मात्रा. येथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. एका लहान पुडीतले मीठ काही भयंकर नसते. १०० ग्रॅमला ५०० ते ८०० मिलिग्रॅम सोडियम धरले, तर २५ ग्रॅमला फार तर अर्धा ग्रॅम मीठ होते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी अशी आहे. पण आपल्या देशात सरासरी माणूस दिवसाला सुमारे ८ ग्रॅम मीठ खातो, असे २०१७-१८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळले. पेला आधीच भरून सांडतो आहे. पुडीचे मीठ त्यावर पडते. दिवसाला तीन पुड्या म्हणजे पाव भाजी-भाकरीचे मीठ न जेवताच पोटात जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. आपल्या प्रतीक्षागृहात बसलेल्या दहा जणांपैकी तिघे-चौघे यातलेच असतात.

अति लवणसेवनाबद्दल चरकाचार्यांनी त्याच अध्यायात पिप्पली व क्षार यांच्या पंक्तीस लवण बसविले आणि ही तीन द्रव्ये अतिप्रमाणात वापरू नयेत असे बजावले. बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधू, सौवीर येथील लोक दुधाबरोबरही मीठ खातात व त्यामुळे त्यांच्या मांसाला शैथिल्य, शरीरास दौर्बल्य, अकाली वळ्या, टक्कल आणि पांढरे केस येतात, अशी लोकसमूहाची निरीक्षणे त्यांनी नोंदविली. एका जनपदाच्या सवयीवरून त्या जनपदाच्या आरोग्याचे निदान करण्याची ही रीत आपण आज नेवासे तालुक्यास का लावू नये?

राहिली ‘उपयोगसंस्था’, म्हणजे जेवणाचे नियम. उष्ण, स्निग्ध, योग्य मात्रेत, आधीचे पचल्यावर, न बोलता, मन लावून जेवावे, हे नियम आणि पुडी यांचे हाडवैर आहे. पुडी चालता-चालता, दूरदर्शन वा मोबाइल पाहता-पाहता, भूक असो वा नसो, मागचे पचलेले असो वा नसो, खाल्ली जाते. अध्यशनाचे याहून स्पष्ट उदाहरण विद्यार्थ्यांस शोधून सापडावयाचे नाही.

वाळवण आणि पुडी

‘आमच्या आज्याही वेफर्स खात होत्या, त्यांना काय झाले?’ हा प्रश्न नेहमी येतो व तो रास्त आहे. चैत्र-वैशाखात नेवाशाच्या गच्च्यांवर, अंगणांत आजही जुन्या साड्यांवर बटाट्याचे काप वाळत पडतात. ते वेफर्सही तेलातच तळले जातात आणि तेही तेल पितात. घरचे म्हणून ते गुणकारी ठरत नाहीत. पण फरक कोठे होता, ते पाहावे. वर्षातून एकदा वाळवण होई, त्याचा एक डबा भरे आणि तो डबा वर्षभर पुरवावा लागे. पाहुणा आला, उपास आला, सण आला, तर मूठभर तळले जात. मीठ घरच्या बाईच्या बोटांनी पडे. अष्ट आयतनांपैकी काल, राशि आणि उपयोगसंस्था ही तीन त्या पत्र्याच्या डब्यातच बंदिस्त होती. दुकानातल्या दोरीवर टांगलेल्या पुडीला ना ऋतू, ना डबा, ना तळ.

फरसाणाच्या दुकानातल्या सुट्या वेफर्सबद्दलही एक शब्द. त्यांवर घटक लिहिलेले नसतात, आणि कढईतले तेल किती वेळा तापले हे ग्राहकास कळत नाही. तेलातील ध्रुवीय घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तळण्यास वापरू नये, असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे. काळे पडलेले, फेस येणारे, धूर सोडणारे तेल ओळखण्यास मात्र नियमाची नव्हे, डोळ्यांची गरज असते.

एकादशीच्या क्षेत्री

नेवासे हे अमृताचे गाव आहे. समुद्रमंथनानंतर मोहिनीरूपाने भगवंतांनी येथे देवांना अमृत वाढले, अशी श्रद्धा असून त्या मोहिनीराजाचे मंदिर आजही गावात आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, प्रवरेच्या काठी पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वर महाराजांनी भावार्थदीपिका सांगितली ती येथेच. तिच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस व तामस आहाराचे विस्ताराने विवरण आहे. अतितिखट, आंबट, खारट, तीक्ष्ण, रुक्ष आणि दाह करणाऱ्या राजस आहाराचे ते वर्णन वाचून मसाला वेफर्सच्या पुडीमागची यादी वाचावी; सातशे वर्षांचे अंतर जाणवत नाही.

आणि याच क्षेत्री, आषाढ वद्य कामिका एकादशीस हजारो भाविक माऊलींच्या दर्शनास येतात, तेव्हा उपवासाचे म्हणून सर्वांत सुलभ काय मिळते, तर वेफर्सची पुडी. तालुक्यात शनिशिंगणापूर असल्याने नेवासे फाट्यावर शनिवारी उपवास करणाऱ्यांची रीघ लागते, तेथेही तेच. वर्षाच्या चोवीस एकादश्या, चतुर्थ्या, सोमवार, शनिवार, नवरात्र असा हिशेब केला, तर कित्येक भाविक वर्षातले शंभरावर दिवस ‘उपवासाच्या’ आहारावर असतात. लंघन हे आपल्या शास्त्रात औषध आहे. त्या औषधाचेच आपण अपथ्य करून टाकले आहे.

यात वैद्यांचाही एक अपराध आहे. नित्यसेवनीय द्रव्यांत सैंधवाची गणना आहे म्हणून आपण सैंधवाची स्तुती केली. रुग्णाने त्याचा अर्थ ‘सैंधव कितीही चालते’ असा घेतला. सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे. रक्तदाबाच्या रुग्णाने सैंधव लावलेले उपवासाचे वेफर्स खाल्ले, तर रक्तवाहिन्यांना त्यातला भेद फारसा कळत नाही. हे स्पष्ट सांगण्याची जबाबदारी आपलीच आहे.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

काही सहव्यावसायिक म्हणतील, गरिबाच्या पोराला पाच-दहा रुपयांत दुसरे काय मिळते? प्रश्न खरा आहे. पण तेवढ्याच पैशांत भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, एखादे केळे, मोसमात पेरू वा बोरे मिळतात. तेच पदार्थ मुलाच्या नजरेसमोर टांगलेले नसतात, एवढाच काय तो फरक. दुसरे म्हणतील, आंबेगाव-खेडकडच्या बटाटा उत्पादकाचे काय? बटाटा खाऊ नका असे आम्ही म्हणतच नाही. उकडून, भाजीत, थालीपिठात तो अधिक खाल्ला जावा असेच म्हणतो. तिसरा आक्षेप आमच्या औषधविक्रेत्या सभासदांचा आहे व तो सर्वांत अवघड आहे.

आज अनेक आयुर्वेदिक औषधालयांत दर्शनी दोरीवर वेफर्सच्या पुड्या टांगलेल्या दिसतात आणि त्यांच्या मागे च्यवनप्राश व त्रिफळा. ‘औषध महिन्यातून एकदा खपते, पुडी रोज खपते, भाडे पुडी काढते,’ असे एका विक्रेत्याने आम्हांस तोंडावर सांगितले. त्याची अडचण आम्ही समजू शकतो. ग्रामीण औषधालय चालविणे सोपे नाही. परंतु रुग्ण आपल्या चिठ्ठीवरचे ‘अपथ्य : तळलेले, खारट’ हे शब्द वाचीत दुकानात शिरतो आणि त्याच दुकानातून, औषधाच्याच पिशवीत, पुडी घेऊन बाहेर पडतो. तो काय समजेल? चिठ्ठीवरचे लिहिण्यापुरते, आणि दुकानातले खाण्यापुरते. लोलिंबराजांनी पथ्य आणि औषध यांविषयी विचारलेला प्रश्न आपण परीक्षेत लिहिला. तो आपल्या काउंटरवर उभा आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांत अतिस्निग्ध, अतिगोड, अतिखारट पदार्थ विकण्यास मनाई केली. २०२० च्या केंद्रीय विनियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आतही अशी विक्री नको म्हटले. टपरीवाल्याने हे पाळावे असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार, जर त्या ५० मीटरच्या आत आपल्याच सभासदाचे औषधालय असेल?

आमच्या सूचना

संघटनेच्या विचारार्थ पुढील गोष्टी आम्ही नम्रपणे मांडतो.

पहिली, प्रत्येक केसपेपरवर आहाराच्या रकान्यात एक स्वतंत्र प्रश्न छापावा : ‘पुडीतले, बाटलीतले काय घेता? आठवड्यातून किती वेळा?’ बालरुग्णाच्या बाबतीत हा प्रश्न आईला आणि मुलालाही विचारावा. उत्तरे बहुधा वेगळी येतात.

दुसरी, पुडी एका दिवसात बंद करण्याचा हुकूम देऊ नये. लवण सात्म्य झालेल्यांनीही ते क्रमाक्रमाने सोडावे, असेच चरकाचार्यांचे मत आहे, आणि अपथ्य सोडण्याचा पादांशिक क्रम सूत्रस्थानात सांगितलेला आहे. तीनच्या दोन, दोनच्या एक, मग रविवारची एक. वर सांगितलेल्या मुलाच्या बाबतीत आम्ही हेच केले. दीड महिन्यात तो वरणभात मागून खाऊ लागला. हिंग्वाष्टकाला यश आले ते त्यानंतर.

तिसरी, सभासदांनी वेष्टनावरील आकडे वाचण्यास शिकावे व शिकवावे. सोडियमचे मिलिग्रॅम अडीचने गुणले की मिठाचे मिलिग्रॅम येतात. स्निग्धांशाचे ग्रॅम साडेचारने भागले की तेलाचे चमचे येतात. शाळेत व्याख्यान देण्यापेक्षा एका वाटीत तेवढे चमचे तेल ओतून दाखवावे. मुले व्याख्यान विसरतात, वाटी विसरत नाहीत.

चौथी, एकादशीपूर्वी प्रत्येक दवाखान्यात उपवासाचे साधे पथ्यपत्रक लावावे : उकडलेल्या बटाट्याची अल्प मिठाची भाजी, भगर, राजगिरा, ताक, फळे. मधुमेही व रक्तदाबाचे रुग्ण, विशेषतः आधुनिक औषधे घेणारे, यांनी चिकित्सकास विचारूनच उपवास करावा आणि गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

पाचवी, औषधालयांच्या दर्शनी भागातून पुड्या काढाव्यात. एकदम शक्य नसेल तर निदान मुलाच्या नजरेच्या उंचीवरून हलवाव्यात, आणि सुटे पैसे नाहीत म्हणून हातात पुडी किंवा चॉकलेट ठेवण्याची रीत आजच बंद करावी. रिकाम्या दोरीवर राजगिऱ्याचे लाडू, फुटाणे, सुंठीच्या वड्या टांगता येतात. विक्री कमी होईल, हे आम्ही लपवीत नाही.

सहावी आणि अखेरची, ‘आयुर्वेदिक वेफर्स’ या मोहापासून दूर राहावे. २०२२ च्या आयुर्वेद आहार विनियमांनी आपल्या ग्रंथोक्त पाककृतींना मान्यतेचे एक दार उघडले आहे. त्या दारातून पेया, यूष, लाजामंड आत यावेत. चिमूटभर अश्वगंधा भुरभुरलेले वेफर्स नव्हेत. तसे झाले, तर उद्या रुग्ण आपल्यालाच ऐकवील की हे अपथ्य नव्हे, हे औषध आहे.

मोहिनीराजाच्या कथेत अमृत कोणाच्या पानात पडावे, याचा विवेक वाढणाऱ्याच्या हाती होता. आज गावाच्या पानात काय पडते, हे काही अंशी तरी आपल्या हाती आहे. दवाखान्यात प्रश्न विचारण्याने आणि दुकानातली एक दोरी रिकामी करण्याने. आमच्या स्वतःच्या औषधालयातील दोरी गेल्या दिवाळीपासून रिकामी आहे. पहिला महिना जड गेला. पुढे एक आजोबा नातवाला घेऊन आले, मुलाने सवयीने वर पाहिले, दोरीवर काही नव्हते, आणि त्याने समोरच्या बरणीतले फुटाणे मागितले. आमच्या दृष्टीने त्या दिवसाची ती सर्वांत मोठी विक्री होती. इत्यलम्.